मुंबईच्या घरमालकाची स्थित्यंतरें

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. घर बांधतांना किती यातायात पडते, हें त्या म्हणींत थोडक्यांत सांगितलें आहे. परंतु बांधलेलें घर दुसऱ्याला भाड्यानें देऊन त्यावर निर्वाह करणें किती कष्टाचें आहे, याविषयीं ती म्हण मुकी आहे. आणि तें साहजिकच आहे. ज्या खेड्यापाड्यांतून ती रूढ झाली तेथें घर राहण्यासाठीं बांधीत, उत्पन्नासाठीं नव्हे. घरभाड्यावर जगणारा मालक ही शहराची निर्मिति होय, आणि महाराष्ट्रांत त्याचें दर्शन मोठ्या प्रमाणावर प्रथम घडलें तें मुंबईंत.

या मालकाच्या दीडशें वर्षांच्या इतिहासाला एक निश्चित दिशा आहे. आरंभीं तो आपल्या चाळीचा जिना स्वतः चढे, किंवा आपला गुमास्ता चढवी. पुढें त्याला तो जिना नकोसा झाला. घरांतला पैसा घरांतच राहावा, पण घराचा व्याप मात्र सुटावा, अशी त्याची इच्छा झाली. आणि एकामागून एक नवे मार्ग काढून ती त्यानें बऱ्याच अंशीं पुरीहि केली. तथापि व्याप सोडल्यानें नाहींसा होत नाहीं. मालकानें खांद्यावरून उतरविलेलें ओझें कोणाच्या खांद्यावर गेलें, आणि जेथें तें कोणीच उचललें नाहीं तेथें काय झालें, हा या इतिहासांतला खरा महत्त्वाचा भाग आहे.

१८६० नंतरच्या दशकांत मुंबईंत जमीनजुमल्यांत पैसा घालण्याचे दोन मार्ग शेजारीं शेजारीं दिसतात. पहिला मार्ग चाळीचा. १८५३ सालीं आगगाडी सुरू झाली, १८५६ सालीं कावसजी नानाभाई दावर यांची कापडाची गिरणी चालू झाली, आणि पुढें गिरण्या वाढत गेल्या तसतसा कोंकणांतून व घाटावरून माणसांचा ओघ शहरांत येऊं लागला. या माणसांना काम मिळे, पण घर मिळत नसे. लांबच लांब सज्जा, त्याला लागून ओळीनें एकेक खोली, आणि टोकाला सामाईक नळ व शौचकूप, अशी इमारत उभी केली कीं ती भरायला वेळ लागत नसे. मात्र भाड्याचें उत्पन्न महिन्याचें, तर कटकट रोजची. पहिल्या तारखेला खोलीखोलीशीं उभें राहावें लागे. एकाचा पगार झालेला नसे, दुसरा गांवीं गेलेला असे, तिसऱ्याच्या घरांत आजार असे. पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं लागत, नळावरचीं भांडणें मिटवावीं लागत, आणि पालिकेच्या नोटिशींना उत्तरें द्यावीं लागत. पुष्कळ मालक हा त्रास टाळण्यासाठीं सबंध चाळच एखाद्या मक्तेदाराला देऊन टाकीत. व्यापापासून सुटका करून घेण्याची ती पहिली, ओबडधोबड युक्ति होती.

दुसरा मार्ग कागदाचा होता. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरांत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनी विशेष प्रसिद्ध होती. तिचा भाग विकत घेणाऱ्याला ना भाडेकरूचें तोंड पाहावें लागे, ना कौलें चाळावीं लागत. किंबहुना जी जमीन त्यानें घेतली ती अजून समुद्राखालींच होती. भागांचे भाव चढत राहिले तोंवर हा मार्ग राजमार्ग वाटला. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध थांबलें, कापूस उतरला, आणि जुलैच्या पहिल्या तारखेला वायद्यांचा हिशोब पुरा करण्याची वेळ आली तेव्हां शहरांतील मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. हा तडाखा ज्यांनीं पाहिला, त्यांना जिना चढावा लागला तरी चाळ बरी, असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

पण चाळीच्या मालकालाहि फार दिवस स्वस्थता लाभली नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग शिरला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनीं तो प्रथम ओळखला. अंधारी खोली, तुंबलेली मोरी आणि दाटीवाटीचा सज्जा या केवळ भाडेकरूच्या अडचणी नसून सबंध शहराचें संकट आहे, हें त्या सांथीनें दाखवून दिलें. १८९८ सालीं कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें जुनी वस्ती पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याकडे आंखून दिलेल्या भूखंडांची नवी वसाहत वसविली. घर म्हणजे मालकाचा निव्वळ खाजगी मामला, ही समजूत येथें संपली.

याच सुमारास एका निराळ्या विचारानें मूळ धरलें. रावबहादुर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली गेली. आशियांतील ही पहिली सहकारी गृहसंस्था म्हणून ओळखली जाते. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. इमारती संस्थेच्या; संस्था सभासदांची; आणि सभासद हेच तिचे भाडेकरू. एका हातानें भाडें द्यावयाचें आणि दुसऱ्या हातानें त्याचा हिशोब तपासावयाचा, अशी ही व्यवस्था. येथें जिन्याचें ओझें नाहींसें झालें नव्हतें; तें सर्वांनीं मिळून उचललें होतें. छप्पर गळलें तर तक्रार करणारा आणि दुरुस्तीचा ठराव मांडणारा माणूस एकच होता. त्या वेळीं ही गोष्ट एका लहानशा मध्यमवर्गीय समाजापुरती वाटली. पुढें सगळ्या मुंबईनें तोच कित्ता गिरविला, परंतु अगदी वेगळ्या कारणामुळें.

तें कारण म्हणजे भाडेनियंत्रणाचे कायदे. पहिल्या महायुद्धांत जागांची टंचाई झाली आणि मालकांनीं भाडीं वाढविलीं, म्हणून १९१८ सालीं मुंबई सरकारनें युद्धकाळापुरता भाडेनिर्बंधाचा कायदा केला. पुढें त्याची मुदत संपली. स्वस्त भाड्यानें घरें देण्याचा प्रयोग सरकारनेंहि करून पाहिला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. बेत ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षांत सुमारें १६,५०० झाल्या. दुसऱ्या महायुद्धाबरोबर नियंत्रण परत आलें. १९३९ व १९४४ सालीं कायदे झाले, आणि अखेर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें चालू होतें तेंच प्रमाणभूत ठरविलें, आणि तें नियमित देणाऱ्या भाडेकरूला काढण्याची वाट जवळजवळ बंद केली.

या कायद्याला दोष देण्यापूर्वीं तो ज्या दिवसांत झाला ते दिवस ध्यानांत घ्यावयास हवेत. युद्धानें महागाई झालेली, फाळणीमुळें निर्वासितांचे लोंढे आलेले, आणि शहरांत एक खोली रिकामी झाली तर तिच्यावर शंभरांचे डोळे. अशा वेळीं भाडेकरूला संरक्षण मिळालें नसतें, तर हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं. चूक संरक्षण देण्यांत झाली नाहीं. तात्पुरता म्हणून केलेला उपाय मुदतवाढीवर मुदतवाढ देत अर्धें शतक चालविण्यांत झाली. समजा, एका चाळींत महिना १० रुपये भाड्याच्या ४० खोल्या आहेत. मालकाला वर्षाचे ४,८०० रुपये मिळत. १९४० सालीं एवढ्या पैशांत कर भरून, दुरुस्ती करून चार पैसे शिल्लक राहत. पुढें करांत वाढ झाली तर ती भाडेकरूकडून घेण्याची मुभा होती. पण सिमेंट, लांकूड आणि मजुरी यांचे भाव दसपट झाले तरी मूळ भाडें तेंच राहिलें. मग मालकानें जिना चढणेंच सोडलें. छप्पर गळूं लागलें. भाडेकरूनें पत्रा घातला. तुळई वांकली; तिला टेकू लागला. मालकाची चाळ त्याच्या डोळ्यांदेखत त्याला परकी झाली.

पैसा मात्र स्वस्थ बसत नाहीं. कायद्यानें जी किंमत भाड्यांत मिळूं दिली नाहीं, ती पागडींत मिळूं लागली. जागा देतांना किंवा ती एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जातांना जी मोठी रक्कम बिनपावतीची दिली जाई ती पागडी. १९४७ च्या कायद्यानें ती गुन्हा ठरविली होती. पण ती बंद न होतां काळोखांत गेली. दुसरी पळवाट निघाली ती ‘लीव्ह अँड लायसन्स’ची. भाडेकरू ठेवावयाचा नाहीं, केवळ परवानगीदार ठेवावयाचा, म्हणजे कायदा लागू होणार नाहीं, अशी मालकांची अटकळ होती. परंतु १९७३ सालीं कायदा दुरुस्त होऊन, त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीला जे परवानगीदार जागेंत राहत होते त्यांना भाडेकरूचेच हक्क मिळाले. त्याचा परिणाम उलटा झाला. ज्याच्याजवळ जादा जागा होती त्यानें ती भाड्यानें देण्यापेक्षां कुलूप लावून ठेवणें पसंत केलें. घरांची टंचाई आणि कुलूपबंद घरें हीं दोन्हीं एकाच रस्त्यावर समोरासमोर दिसूं लागलीं.

नव्या पैशाला आतां तिसरा मार्ग सांपडला, आणि तो राजरोस होता. घर बांधून भाड्यानें द्यावयाचेंच नाहीं. मजल्या-मजल्यानें, ब्लॉका-ब्लॉकानें विकून मोकळें व्हावयाचें. यालाच मुंबईकर ‘ओनरशिपचा ब्लॉक’ म्हणूं लागले. पूर्वींचा घरमालक वर्षानुवर्षें भाडें मिळावें म्हणून बांधी. नवा बांधणारा तीन-चार वर्षांत नफा घेऊन पुढच्या भूखंडाकडे वळे. मरीन ड्राइव्हवरच्या १९३० नंतरच्या दशकांतल्या इमारतींतूनहि घरें भाड्यानें दिलीं जात. स्वातंत्र्यानंतर असें बांधकाम झपाट्यानें मागें पडलें. खरेदीदारांची फसवणूक होऊं लागली म्हणून १९६३ सालीं राज्य सरकारनें ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा केला. लेखी करार होण्यापूर्वीं एक-पंचमांशाहून अधिक रक्कम घ्यावयाची नाहीं, करार नोंदवावयाचा, आणि खरेदीदारांची संस्था स्थापून जमीन व इमारत तिच्या नांवें करून द्यावयाची, अशीं बंधनें त्यांत आहेत. यांतील शेवटचें बंधन इतक्या ठिकाणीं मोडलें गेलें कीं, २००८ सालीं कायदा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली.

अशा रीतीनें गांवदेवीचा कित्ता सर्वत्र गेला. मालक बाजूला झाला आणि त्याचा जिना सहकारी संस्थेकडे आला. पाण्याची टांकी, गच्चीची गळती, उद्वाहकाची दुरुस्ती, थकबाकीदाराची समजूत, हीं सारीं जुन्या घरमालकाचीं कामें आतां संस्थेचा चिटणीस करूं लागला, आणि तींहि बहुधा बिनपगारी. पूर्वीं भाडें देऊन तक्रारीचा हक्क मिळे. आतां मालकी मिळाली आणि तक्रार ऐकण्याचें कर्तव्यहि तिच्याबरोबर आलें.

जुन्या चाळींत मात्र हें ओझें घेणारा कोणी उरला नाहीं. मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती. भाडेकरूला ती कायद्यानें आपली वाटत नव्हती. जुन्या इमारती कोसळूं लागल्या, तेव्हां १९६९ सालीं सरकारनें दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला आणि त्याच्या खर्चासाठीं अशा इमारतींवर उपकर बसविला. उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. त्यांपैकीं १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या होत्या. म्हणजे भाड्याचा कांटा ज्या दिवशीं अडकला, त्याच दिवसाची रेघ इमारतींच्या वर्गवारींतहि उमटली. १९८६ सालीं आणखी पुढचें पाऊल टाकलें गेलें. सत्तर टक्के रहिवाशांच्या संस्थेनें मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन इमारत ताब्यांत घेण्याची तरतूद झाली. महिना ४०० रुपये भाड्याच्या इमारतीचे ४०,००० रुपये, असा तो हिशोब. मालकांच्या संघटनेनें १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. त्या वादांतून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर निकाल लागला तो ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ति मानतां येणार नाहीं, असें नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें ठरविलें.

मध्यंतरीं १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच गोठविलेलें भाडें काळाच्या ओघांत अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला होता, आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें भाड्यांत दरसाल ४ टक्के वाढीला परवानगी दिली आणि पागडीला उजेडांत आणलें. चक्रवाढीनें धरलें तरी १० रुपयांचे पंचवीस वर्षांत सुमारें साडेसव्वीस रुपये होतात. तेव्हां जुन्या मालकाचें समाधान होणें शक्य नव्हतें. पण त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे, आणि पुढील इतिहासाच्या दृष्टीनें तें विशेष महत्त्वाचें आहे. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या, आणि ज्यांचें भरणा झालेलें भांडवल एक कोटी रुपये किंवा अधिक आहे अशा कंपन्या यांना दिलेल्या जागा या संरक्षणांतून वगळल्या गेल्या. भाड्याच्या इमारतींत पुन्हां पैसा घालण्यासारखी परिस्थिति आली, पण ती राहत्या घरांत नव्हे, कचेऱ्यांत.

याच जमिनींत चौथ्या मार्गाचें बीज रुजलें. त्याचा जन्म अमेरिकेंतला. १४ सप्टेंबर १९६० रोजीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीनें रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्टचा, म्हणजे ‘रीट’चा, कायदा तेथें झाला. मोठमोठ्या इमारतींचें भाडें फक्त धनाढ्यांनाच न मिळतां, लहान गुंतवणूकदारालाहि आपल्या ऐपतीप्रमाणें त्यांत वांटा घेतां यावा, ही त्यामागची कल्पना. भारतांत सेबीनें २०१४ सालीं यासंबंधीं नियम केले, आणि १ एप्रिल २०१९ रोजीं एम्बसी ऑफिस पार्क्स हा पहिला रीट शेअरबाजारांत आला. पुढें २०२० सालीं माइंडस्पेस व २०२३ सालीं मोठ्या बाजारसंकुलांचा नेक्सस सिलेक्ट हे आले. एम्बसीच्या मालमत्तेंत नरिमन पॉइंटवरील एक्सप्रेस टॉवर्स आहे. ज्या बॅक बेच्या समुद्रांत १८६५ सालचे कागद बुडाले, त्याच बॅक बेंत भर घालून झालेल्या जमिनीवर ही इमारत उभी आहे.

मग १८६५ च्या कागदांत आणि या कागदांत भेद कोणता? नियमांप्रमाणें रीटच्या मालमत्तेचा किमान ८० टक्के भाग बांधून पुऱ्या झालेल्या, भाडें मिळवून देणाऱ्या इमारतींत असावा लागतो. म्हणजे समुद्राखालची जमीन येथें चालत नाहीं. वांटण्याजोग्या रोकडींपैकीं निदान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते, आणि ती सहा महिन्यांतून एकदां तरी. भाडेवसुली, दुरुस्ती, पहारा हीं सारीं कामें पगारी व्यवस्थापक करतो, आणि त्याचा मोबदला भाड्यांतूनच वजा होतो. घरमालकाची सुटका येथें पूर्ण झाली आहे. त्याला जिना ठाऊकहि नसतो.

परंतु सुटकेबरोबर कांहीं गमावलेंहि जातें. जुन्या मालकाला आपला भाडेकरू नांवानें माहीत असे. युनिटधारकाला फक्त बाजारभाव दिसतो, आणि तो इमारतीच्या भिंतींकडे पाहून नव्हे, व्याजाच्या दराकडे पाहूनहि वरखालीं होतो. अमेरिकेंत १९७३ ते १९७५ च्या मंदींत बांधकामाला कर्जें देणाऱ्या ट्रस्टांची दाणादाण उडाली. २०२० सालीं करोनाच्या सांथींत कचेऱ्या ओस पडल्या, तेव्हां भाडेकरू कितीहि मोठा असला तरी त्याला जागेची गरज राहील कीं नाहीं हा प्रश्न शिल्लक राहतोच, हें सर्वांना कळून आलें. शिवाय कोणती इमारत घ्यावी आणि कोणती विकावी, हें ठरविण्यांत लहान गुंतवणूकदाराचा आवाज नाममात्र असतो. जोखीम टळत नाहीं. तिचें रूप पालटतें.

या सगळ्या स्थित्यंतरांतून एक गोष्ट ठळकपणें दिसते. मुंबईच्या घरमालकानें जिना सोडला, हा त्याचा अपराध म्हणतां येणार नाहीं. प्रत्येकानें जन्मभर भाडेवसुली करीत बसावें, असा कांहीं धर्म नाहीं. जेथें त्याच्या जागीं दुसरा कोणी उभा राहिला, तेथें इमारत टिकली: गांवदेवीला सभासदांनीं तें काम वांटून घेतलें, ओनरशिपच्या इमारतींत चिटणिसानें घेतलें, रीटमध्यें पगारी व्यवस्थापकानें घेतलें. जेथें मालक गेला आणि त्याची जागा रिकामी राहिली, तेथें भिंती खचल्या. म्हणून घर विकून किंवा भाड्याचा व्याप सोडून जो आपला पैसा दुसऱ्या मार्गानें स्थावरांत घालूं इच्छितो, त्यानें व्याजाच्या टक्क्याबरोबर एवढेंहि विचारावें कीं, आपल्या वांट्याचा जिना आतां कोण चढणार, आणि त्याला त्याचा मोबदला मिळणार कीं नाहीं.

दरसाल पाऊस सुरू होण्यापूर्वीं मुंबईंत अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी प्रसिद्ध होते. त्या यादींतील प्रत्येक इमारतीला कागदोपत्रीं मालक असतो, भाडेकरू असतात आणि उपकराचें खातेंहि असतें. तरीहि यादी प्रसिद्ध झाली कीं, सज्ज्यांवरच्या कुटुंबांना सामान बांधून संक्रमण शिबिराची वाट धरावी लागते.